गार्सासच्या कॉलेजाला दिलेला दगा

शनिवारी पहाटे दगा द्यायचा हे ठरलं आणि ओतासीलियाबाईंना धास्ती पडली. दग्याची भीती नव्हती हो! दगा तर त्यांनीच पुढाकार घेऊन ठरवला होता. भीती होती ती स्वतःच्या तोंडाची. आठवडाभर गप्प बसायचं होतं, आणि बाईंनी एखादं गुपित रात्रभर तरी पोटात ठेवलंय असं गार्सासमध्ये कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"कोमाद्रे, तोंड शिवून घे," बेलार्मिनो म्हणाला. बाई त्याच्या धाकट्या लेकीच्या धर्ममाता, तेव्हापासून तो त्यांना कोमाद्रे म्हणायचा आणि हक्कानं दटावायचा. "कॉलेजातल्या डॉक्टरला नुसता वास जरी लागला ना, तरी माझी माणसं फाटकातून माघारी फिरतील. सांगून ठेवतो."

"मला शिकवतोस? मी याच खोऱ्यात जन्मले."

"म्हणूनच सांगतोय. तुझ्या तोंडासकट ओळखतो मी तुला."

आमच्या मिनासच्या डोंगरात इर्जिक कोण घालत नाही? मालक बोलावतो, गाव कुदळी घेऊन येतं, काम उरकतं, मालक पोटभर जेवू घालतो आणि मग रात्रभर नाच. पण एखादा इतका गांजलेला असतो, किंवा इतका मानी असतो, की तो बोलावतच नाही. तण छातीला लागलं तरी विचारणाऱ्याला म्हणतो, चाललंय आपलं. अशाला मग दगा द्यायचा. गुपचूप सगळं ठरवायचं, पहाटे त्याच्या दाराशी जायचं, शोभेच्या दारूचे बाण उडवायचे आणि गाणी म्हणत त्याला अंथरुणातून उठवायचं: ऊठ रे, दगा झाला, तुझं शेत आमच्या ताब्यात! अट एकच, मालकाला आधी कळता कामा नये. त्यानं 'या' म्हणायचं नाही आणि 'नको' म्हणायचं नाही, म्हणजे त्याचा मान राहतो. आधी कळलं की दगा फसला. मग लोक कुदळी खांद्यावर टाकून घरी जातात, आणि त्या घरी पुन्हा कधी दगा देत नाहीत.

शेतकी कॉलेजाची दशा अगदी दग्याच्या लायकीची झाली होती. युरोपातलं युद्ध संपून कॉफीला सोन्याचा भाव आला तेव्हा सरकारनं ते हौसेनं बांधलं. लाल कौलं, लांबलचक गोठा, दुग्धशाळा, मक्याच्या प्रयोगांचं भलंमोठं शेत! मग तिकडे न्यूयॉर्कात कसला तो बाजार कोसळला आणि आमच्या कॉफीला कुत्रं विचारेना. आता इंजिनात कोळशाऐवजी कॉफी जाळत होते. गाडी आली की सगळं स्टेशन स्वयंपाकघरासारखं घमघमायचं. घ्या वास आणि रडा! कॉलेजाचे पगार थांबले, मजूर गेले, मास्तर मंडळी पांगली. बापांनी पोरं घरी नेली. उरली डझनभर, ज्यांना घरी जाऊनही खायला मिळालं नसतं. त्यांच्याबरोबर राहिले ते प्राचार्य डॉक्टर वांदर्लेय आणि दुग्धशाळेच्या ओतासीलियाबाई. डॉक्टर सकाळी वर्ग घेत आणि दुपारी गोठ्यात शेण काढत, तेही टाय लावून. बाई चीज करायच्या आणि तेच सकाळ-संध्याकाळ पोरांना घालायच्या.

आणि आता राजधानीहून साहेब येणार होता, शनिवारी दुपारच्या गाडीनं. कॉलेज जिवंत आहे का मेलं, ते बघायला. मेलं असेल तर तिथल्या तिथे कुलूप लावायला. आणि मक्याच्या शेतात मका शोधावा लागत होता! तण माजलं होतं ते माणूस बुडेल एवढं. डॉक्टर आणि पोरं मिळून मरमर मेली तरी एक कोपरा साफ होईपर्यंत दुसरा कोपरा हिरवा व्हायचा.

"लोकांना हाक मारा की," बाई त्यांना म्हणाल्या होत्या.

"कशाच्या तोंडानं मारू, बाई? द्यायला काय आहे माझ्याकडे?"

संपलं! डॉक्टर समुद्रकाठचे, रेसिफेचे. दहा वर्षं आमच्यात राहिले, पण त्या सुबत्तेच्या वर्षांत कोण कुणाला दगा देत होतं? जो तो मजूर लावायचा. त्यामुळे ही रीत त्यांनी पाहिली नव्हती आणि ऐकलीही नव्हती. पण गेल्या हिवाळ्यात डुकरांची साथ आली, तेव्हा हाच माणूस पायी पायी वाडी-वाडीवर जाऊन डुकरांना सुया टोचत हिंडला होता. बेलार्मिनोच्या डुकरिणीनं तर त्यांना ढुशी मारून चिखलात लोळवलं. डॉक्टर उठले, डुकरिणीला 'माफ कर' म्हणाले आणि सुई टोचली. बेलार्मिनो ही गोष्ट हसून हसून सांगायचा, पण दुसरं कुणी डॉक्टरांना हसलं की त्याच्या अंगावर जायचा. दग्याचा कॅप्टन व्हायला तो उगीच तयार झाला नव्हता.

गुरुवारी दुपारी डॉक्टर दुग्धशाळेत आले. डोक्यावर टोपी नाही, अर्धी दाढी झालेली, अर्धी तशीच.

"बाई, दार लावा."

बाईंचे हात कोपरापर्यंत दह्यात. त्यांनी पायानंच दार लोटलं. "काय झालं?"

"न्हाव्याकडे बसलो होतो. तोंडावर गरम टॉवेल होता, म्हणून मागच्या लोकांनी मला ओळखलं नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "बाई, दगा आहे. कॉलेजाला. शनिवारी पहाटे. सगळं खोरं चालून येणार आहे, कुदळी आणि कोयते घेऊन! बाण आणलेत म्हणे, दारू आणलीये. 'डॉक्टरला झोपेतच गाठायचं' असं म्हणाले, आणि हसले हो, हसले!"

बाईंना आधी हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात दाबलं. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, गुपित फुटलं. मेल्या न्हाव्या! आता कसं?

"मी गावच्या लेफ्टनंटकडे जातोय," डॉक्टर म्हणाले. "गेल्या सालच्या क्रांतीपासून त्याचे शिपाई इथेच आहेत. बंदुका घेऊन फाटकाशी उभे राहतील."

"नको!" बाई ओरडल्याच. दह्याचे शिंतोडे भिंतीवर उडाले.

"का नको?"

जिभेच्या टोकावर आलं होतं! एक वाक्य, बस. पण मग? या माणसाच्या पोटातलं तोंडावर दिसायचं. एकदा पत्त्यांच्या डावात चांगलं पान आलं म्हणून त्यांनी समोरच्याची क्षमा मागितली होती. खरं कळलं तर ते सरळ बेलार्मिनोकडे आभार मानायला जातील, आणि शनिवारी शेतात तण आणि दारात कुलूप. बरं, सांगितलं नाही तर फाटकात बंदुका. बाईंनी ते वाक्य गिळलं. जन्मात पहिल्यांदा गिळलं.

"नको म्हणजे नको," त्या म्हणाल्या. "ते... ते वाईट लोक नाहीत."

डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले. "तुम्ही दचकला नाहीत, बाई. मी एवढं सांगितलं आणि तुम्ही दचकला नाहीत. तुम्हाला हे आधीच माहीत होतं."

"हो."

"कोण कोण आहे त्यात?"

बाई दही ढवळायला लागल्या.

"तुम्ही?"

"मी पण आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःचीच जीभ हासडून टाकावीशी वाटली.

डॉक्टर दुधाच्या पालथ्या घातलेल्या बरणीवर बसले. "दहा वर्षं, बाई," एवढंच म्हणाले.

"तुम्हाला माझी शपथ आहे, शिपाई बोलावू नका. बाकी मला काय म्हणायचं ते म्हणा."

"नाही बोलावत. गोळी सुटली तर ती उपाशी माणसालाच लागेल." ते उठले. "त्यांचं तरी काय चुकलं? त्यांच्या घरात चूल पेटत नाही, आणि आम्ही इथे कौलांखाली बसून मक्यावर प्रयोग करतोय. मी एकटाच जाऊन फाटकाशी उभा राहीन." दाराशी जाऊन ते वळले. "चीज छान झालंय आजचं," म्हणाले, आणि गेले. इतका सज्जन माणूस! बाईंनी दह्यातच टिपं गाळली.

शुक्रवारी त्या धावत बेलार्मिनोच्या वाडीवर गेल्या. हे सगळं थांबवावं की काय, असं त्यांना वाटत होतं. तिथे अंगणात डुक्कर सोललेलं, बाणांचा भारा भिंतीला टेकलेला, अकॉर्डियनवाला सूर लावून बघत होता. बेलार्मिनोची बायको जोविता चुलीवरून ओरडली, "या बाई, या! काय मजा येणार आहे उद्या! डॉक्टर चड्डीवर बाहेर येतात का नाही बघा!"

"कोमाद्रे, तोंड का असं?" बेलार्मिनोनं डोळे बारीक केले. "कळलं की काय त्याला?"

"छे!" बाई म्हणाल्या. "त्याला काय कळतंय!"

एकाशी खरं बोलून खोट्या ठरल्या, आणि दुसऱ्याशी खोटं बोलून खऱ्या. वा ग बाई!

शनिवारी पहाटे धुकं होतं. आख्खं खोरं चढण चढत होतं: म्हातारे, सुना, पाठीला पोरं बांधलेल्या बाया, प्रत्येकाच्या खांद्यावर लांब दांड्याची कुदळ. कुणी शिंकलं तर दहा जण 'शूऽऽ' करायचे, आणि त्याचाच मोठा आवाज व्हायचा. बाई बेलार्मिनोच्या शेजारून चालत होत्या आणि मनात सगळ्या संतांना एकेक करून विनवत होत्या. झोप लागू दे त्यांना. निदान आज तरी झोप लागू दे.

फाटक आलं. फाटकाशी डॉक्टर वांदर्लेय उभे होते. अंगात काळा कोट, गळ्यात टाय, दाढी दोन्हीकडून गुळगुळीत. हात रिकामे.

सगळे जागच्या जागी थिजले.

"पोरांना मी वसतिगृहात बंद केलंय," डॉक्टर म्हणाले. ते मागे सरले नाहीत. "त्यांना हात लावू नका. इमारत घ्या, गाई घ्या. फक्त गोठा जाळू नका, आत बैल आहे. तो बिचारा निष्पाप आहे."

बेलार्मिनोनं कंदील वर धरला, खाली घेतला आणि मान हळूच बाईंकडे वळवली. "कोमाद्रे, याला माहीत होतं."

मागे कुजबुज झाली. एकीनं कुदळ खांद्यावरून उतरवली. एक म्हातारा 'चला रे' म्हणत वळलासुद्धा. फसला दगा! बाईंच्या डोळ्यांपुढे तण, साहेब, कुलूप, ती डझनभर उपाशी पोरं, सगळं एकदम उभं राहिलं. आणि मग कोंडून ठेवलेलं त्यांचं तोंड सुटलं.

"थांबा! कुणी हलू नका! डॉक्टर, तुम्हाला काय माहीत होतं ते सांगा यांना. मोठ्यानं सांगा!"

"तुम्हीच तर कबूल केलंत, बाई. दगा! कॉलेज जाळायचं. मला झोपेत मारायचं."

मग जोविता फस्सकन हसली. "मारायचं? याला? अगं बाई, याला तर जेवायला घालायचंय!" तिच्यामागे दुसरी हसली, तिसरी हसली, आणि बघता बघता सगळी चढण हसायला लागली. बेलार्मिनो कंदिलासकट खाली बसला, पोट धरून. "मी... मी दगे द्यायला लागून तीस वर्षं झाली," तो कसाबसा म्हणाला, "पण एवढा फसलेला मालक मी बापजन्मात बघितला नाही! याला माहीत होतं? याला ओ की ठो माहीत नव्हतं! दगा झाला, लेको! लावा बाण!"

पहिला बाण सूऽऽ करून वर गेला आणि धडाड् फुटला. डॉक्टर झेपावले. पळायला नव्हे! ज्या बाईनं दगा दिला होता तिच्याच पुढे ते हात पसरून उभे राहिले, डोळे मिटून. बाईंना रडावं की हसावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं.

"अहो डॉक्टर, उघडा डोळे! तण काढायला आलेत हे. तुमचं शेत खुरपायला! आमच्यात याला दगाच म्हणतात. सांगितलं असतं तर ते परत गेले असते. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही आभार मानत सुटला असता!"

डॉक्टरांनी एकदा बाईंकडे बघितलं, एकदा कुदळींकडे. "बाई, मी तुमच्याविषयी जे काही—"

"गप्प बसा आणि कुदळ धरा!"

आणि मग काय दिवस उगवला म्हणता! बेलार्मिनोनं माणसांच्या दोन फळ्या केल्या, एक ओढ्याकडून, एक रस्त्याकडून. ओढ्याकडच्यांनी गाण्याची एक ओळ म्हणायची, रस्त्याकडच्यांनी तिला जोड देऊन टोमणा परत करायचा, आणि कुदळी त्या ठेक्यावर पडायच्या. पोरं वसतिगृहाच्या खिडक्यांतून उड्या मारून शेतात. तण आडवं पडत होतं आणि खालून मका निघत होता. बारीक, पिवळट, पण उभा! "निघाला, निघाला!" जो तो ओरडत होता, जणू कधी मका बघितलाच नव्हता. डॉक्टरांनी टाय कपाळाला बांधला. हातांना फोड आले, तर जोविता त्यांना म्हणाली, "येऊ द्या, येऊ द्या. पदवी आहे ती." दुपारी खालून गाडीची शिट्टी ऐकू आली, वाऱ्यावर जळक्या कॉफीचा वास आला, तेव्हा शेवटच्या ओळीत कुदळी चालत होत्या.

साहेबाचं नाव गोदोफ्रेदो. जाडजूड, दमलेला, पोटात सदा आग असलेला माणूस. महिन्याभरात कितीतरी शाळांना कुलपं लावून आला होता, आणि ते काम त्याला आवडत होतं असं काही दिसलं नाही. तो बांधावरून सगळं शेत फिरला.

"उत्तम," तो म्हणाला. बाईंनी डॉक्टरांचा हात दाबला. "आता विद्यार्थी दाखवा."

डझनभर पोरं पुढे आली. साहेब त्यांच्याकडे बघून खिन्न झाला. "डॉक्टर, एवढ्यांसाठी कॉलेज चालत नाही. नियमच आहे, माझ्या हातात काही नाही. तुमचा प्रौढ शेतकऱ्यांचा वर्ग तरी भरला असता तर तो धरता आला असता. आहे ना तो?"

बाईंनी डोळ्यांनी खुणावलं, आहे म्हणा, आहे म्हणा! पण डॉक्टर कुठले खोटं बोलायला? "दर वर्षी उघडतो," ते म्हणाले. "कुणी येत नाही."

खरंच कुणी येत नव्हतं. पोरांच्या बाकावर जाऊन बसायचं म्हणजे केवढी लाज! आणि सगळ्यांत जास्त टिंगल करायचा तो बेलार्मिनोच. वाण्याच्या दुकानात पायावर पाय टाकून वर्तमानपत्र धरून बसायचा आणि म्हणायचा, पुस्तकं म्हणजे थोतांड. आताही शेतभर माणसं उभी होती, पण जो तो आपल्या पायांकडे बघत होता. बाईंना संताप आला. आता का गप्प, मेल्यांनो?

"माझं नाव घाला," कुणीतरी म्हणालं.

बेलार्मिनो पुढे आला. हॅट हातात होती. साहेबानं कागद काढला, टाक पुढे केला. "इथे सही करा."

बेलार्मिनोनं टाक घेतला. तो कसा धरायचा, ते त्याला माहीत नव्हतं. सगळं खोरं बघत होतं. त्याचे कान लाल झाले, मान लाल झाली, आणि मग तो शेतात हाळी द्यावी तसा मोठ्यानं म्हणाला, "मला येत नाही. लिहिता येत नाही आणि वाचताही येत नाही. पेपर मी नुसता धरायचो. पुस्तकं थोतांड नाहीत. मला ती कळत नव्हती, एवढंच."

कुणी हसलं नाही. बाईंनी तोंडावर हात ठेवला. इतकी वर्षं कोमाद्रे कोमाद्रे म्हणत होता, आणि त्यांना पत्ताच नव्हता.

"अंगठा चालेल," साहेब मृदू आवाजात म्हणाला.

"तुम्हाला चालेल. मला नाही चालत." बेलार्मिनोनं टाक परत दिला. "तुमची गाडी उद्या आहे ना? मग बसा. डुक्कर खा. कोमाद्रे, शिकव मला."

बाईंनी काटकी घेतली आणि खुरपलेल्या भुसभुशीत मातीत पहिलं अक्षर काढलं. बेलार्मिनो गुडघ्यावर बसला. "हे दोन पोटांचं कोण?"

"हा B, म्हणजे ब. तुझ्यासारखाच आहे, पोट सुटलेला."

"आणि अजून किती आहेत?"

"पुष्कळ. बापानं नाव जरा आखूड ठेवायचं होतं."

अकॉर्डियन सुरू झालं, पण नाचायला कुणी गेलं नाही. एकानं काटकी उचलली, मग दुसऱ्यानं. हळूहळू बांधावर रांगच बसली, आणि डॉक्टर एकेकाचा हात धरून फिरायला लागले. बेलार्मिनोला दिवसभर खुरपून आला नव्हता एवढा घाम आला. लिहायचा, पुसायचा, शिव्या द्यायचा, पुन्हा लिहायचा. साहेब ताटली घेऊन आधी लांब बसला होता. मग त्यानं खुर्ची जवळ ओढली. मग ताटली खाली ठेवून तो स्वतःच वाकला. "ते उलटं झालं, कॅप्टन. पोट उजवीकडे."

कंदील लावायच्या वेळी बेलार्मिनोनं कागदावर सही केली. वाकडी, फुगलेली, ओळ सोडून वर चढलेली, पण पुरी. त्याच्यामागे रांग लागली. कुणी नाव लिहिलं, कुणी पहिलं अक्षर काढून पुढे अंगठा दिला. साहेबानं कागदावर फुंकर मारली आणि डॉक्टरांना म्हणाला, "वर्ग भरला, सोमवारपासून सुरू करा. ते कुलूप भयंकर जड होतं, आता परत वाहून न्यायचं." डॉक्टरांनी बाईंकडे बघून मान हलवली. बाई मात्र एवढ्या जोरात ओरडल्या की गोठ्यातल्या गाई उठून उभ्या राहिल्या. बाण सुटले. नाच सुरू झाला.

बेलार्मिनो मात्र कागदापाशीच होता. "जोविता! अगं ये इकडे," त्यानं हाक मारली. जोविता हात पुसत आली. त्यानं बोट ठेवलं. "हे बघ. हा मी."

जोवितानं वाकून पाहिलं, कंदील जवळ घेऊन पुन्हा पाहिलं. "हा? बराच बारीक दिसतोस की!" ती म्हणाली. पण हसली नाही. कागदाला हात न लावता तिनं हवेतच बोटानं ती अक्षरं गिरवली.

"आणि मी रे?" ती हळूच म्हणाली. "मी कशी दिसते?"

बेलार्मिनोनं बाईंकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"सोमवारी," तो म्हणाला. "सोमवारी दोघं जाऊन बघू."